मदत हवी आहे: स्टेशनचा इतिहास आणि लोकलची माहिती (तातडीचं)

मृण्मयी_त
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीची स्मरणिका उद्या सकाळी प्रेसला जातेय. सगळी पानं लागली, एक स्टेशनवरचं पान तेवढं अडकलंय. स्टेशन कधी सुरू झालं? ब्रिटिशांच्या काळातलं आहे एवढं सगळेच सांगतात, पण साल प्रत्येक ठिकाणी वेगळं. लोकल कधीपासून आली? खाली चौकटीत वेळापत्रकही टाकायचंय. गूगल करा असं कृपया सांगू नका, ते करून झालंय.

घाटरस्ता
कुठलं स्टेशन?

पुणेकर_कसबा
पुणे स्टेशनची आत्ताची इमारत १९२५ ची. दगडी बांधकाम अजून उत्तम आहे. बाहेरच्या रिक्षांबद्दलही लिहा, लोकांना तेच जास्त कामाला येतं.

मृण्मयी_त
पुणे स्टेशन नाही हो, तळेगाव! सोसायटी स्टेशन भागातच आहे म्हणून लिहिलं नव्हतं.

घाटरस्ता
आणि सालं कोणती कोणती मिळाली? ती सांगितलीत तर काहीतरी बोलता येईल.

मृण्मयी_त
१८५६, १८५८ आणि १८६३. समितीतले एक काका १८५६ वर अडून बसलेत. लवकर सांगा प्लीज.

जुना_मावळी
ताई, तिन्ही सालं खरी आहेत, पण ती तीन वेगळ्या गोष्टींची आहेत. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८५६ मध्ये मुंबईकडून खोपोलीपर्यंत पोचली, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी. वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ ला सुरू झाला. मधला बोरघाट तेव्हा तयारच नव्हता. खोपोलीला उतरायचं, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं, असा तो प्रवास होता. घाटातला लोहमार्ग १८६३ ला खुला झाला आणि मग मुंबई-पुणे सलग रूळ झाले. थोडक्यात, तळेगाववरून गाडी धावायला लागली तेव्हा मुंबईशी सलग जोडणी व्हायला अजून पाच वर्षं होती. मला विचाराल तर पानावर हीच गोष्ट ठळक यायला हवी.

१८५६ चा तळेगावशी संबंध नाही. काकांना खोपोलीचं सांगा.

घाटरस्ता
सहमत नाही. १८६३ च लिहा. घाट झाला नसता तर या मार्गाला अर्थ काय होता? आणि घाटाची गोष्टच मोठी आहे. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आल्यावर लवकरच वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडलं नाही, काम पुढे चालवलं. पंचवीस बोगदे आहेत त्या घाटात. गाडी मध्येच थांबून उलट्या दिशेने निघायची ते रिव्हर्सिंग स्टेशनही तिथलंच. ते १९२९ पर्यंत वापरात होतं.

जुना_मावळी
गोष्ट मोठी आहे, मान्य. पण स्मरणिका तळेगावची आहे, खंडाळ्याची नाही.

सुलभा_जोशीबुवा
पैसा फंडाचा काच कारखाना विसरू नका! १९०८ चा. लोकमान्यांचा पाठिंबा होता त्याला. लोकांनी एकेक पैसा देऊन उभा राहिलेला कारखाना आपल्या तळेगावात आहे, त्याचा उल्लेख नसेल तर स्मरणिका अपुरी.

मृण्मयी_त
सुलभाताई, काच कारखान्याला वेगळं पान आहे. इथे फक्त स्टेशन. जुना_मावळी, मग "स्टेशनची स्थापना १४ जून १८५८" असं लिहू ना?

जुना_मावळी
नको. "१४ जून १८५८ रोजी खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला, तळेगाव याच मार्गावर आहे" असं लिहा. मार्गाची तारीख आणि स्टेशनची तारीख एकच असते असं नाही. स्टेशनची तारीख लिहायची तर तसा कागद हातात हवा. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर आहे, त्यात रेल्वेवर मजकूर आहे, आज रात्री वेळ मिळाला तर तो वाचा. छापलेली चुकीची तारीख पुढची पन्नास वर्षं लोक उचलत राहतात. मला याचा खरंच त्रास होतो.

दापोडी_लोकल
लोकल ११ मार्च १९७८. पुणे-लोणावळा.

तळेगाव_गाव
हे बरोबर नाही. माझे वडील त्याआधीपासून गाडीने दापोडीला कामावर जायचे. त्यांचा मासिक पास मी जपून ठेवलाय. पिवळट पडलाय, एक कोपरा झिजलाय, पण शाईने लिहिलेलं नाव आणि "तळेगाव" स्वच्छ वाचता येतं. त्यावर साल १९७१ आहे.

दापोडी_लोकल
तुमचे वडील जायचे ती इंजिन लावलेली गाडी. १९७८ ला आली ती ईएमयू, दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असलेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विजेच्या तारा तर १९२९ पासूनच होत्या, पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. म्हणजे तारा आल्यावर जवळपास पन्नास वर्षांनी आपल्याला ईएमयू मिळाली.

घाटरस्ता
त्या पासचा फोटो छापा. सगळ्या तारखांपेक्षा तो चांगला.

तळेगाव_गाव
पाठवतो, फक्त वडिलांचं नाव झाकून.

निगडी_मेट्रो
लोकलचं कौतुक पुरे. पिंपरी ते निगडी मेट्रोचं काम चालू आहे, ती पुढे तळेगावपर्यंत यावी यासाठी सोसायट्यांनी निवेदनं द्यायला हवीत. स्मरणिकेत तेच लिहा.

दापोडी_लोकल
मेट्रो येईल तेव्हा येईल. आज कामावर जाणाऱ्याला तिसरी आणि चौथी मार्गिका हवी. एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्याच दोन रुळांवरून जातात, म्हणून लोकल वाढत नाहीत. दुपारी देखभालीचा ब्लॉक असतो, तेव्हा तर लोकलची वाट बघून माणूस थकतो. ज्यांची ड्यूटी दुपारी सुटते त्यांनी काय करायचं?

पास_वाले_काका
नवीन मासिक पास काढताना ओळखपत्र सोबत न्या. पासवर त्याचा क्रमांक येतो आणि तपासणीत तेच दाखवावं लागतं. रेलवन अ‍ॅपवरही तिकीट निघतं, पण आमच्या वयाला खिडकीच बरी.

मृण्मयी_त
काका, पासबद्दल विचारलं नव्हतं, पण चौकटीत घेते. वेळापत्रक कोणाकडे आहे का? तेवढंच राहिलंय.

जुना_मावळी
वेळा छापूच नका. बदलल्या की सगळी स्मरणिका चुकीची ठरते, आणि कोणीतरी त्यावर विसंबून फलाटावर उभा राहतो. चौकशीसाठी १३९ क्रमांक द्या. काही लोकल पुण्याहून तळेगावपर्यंतच येतात, बाकीच्या लोणावळ्याला जातात, एवढं लिहिलंत तर बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनाही उपयोग. आणि तळेगाव स्टेशन आणि तळेगाव गाव यांत अंतर आहे, हेही सांगा. पाहुणे दाभाडे वाड्याचा पत्ता घेऊन स्टेशनला उतरतात आणि वाडा शोधत बसतात.

मृण्मयी_त
असं लिहिलंय, बघा:

"१४ जून १८५८ रोजी खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला. तळेगाव याच मार्गावर. मुंबईशी सलग जोडणी १८६३ ला, बोरघाट पूर्ण झाल्यावर. १९२९ पासून विजेची गाडी, आणि ११ मार्च १९७८ पासून पुणे-लोणावळा ईएमयू लोकल. गाड्यांच्या चौकशीसाठी १३९."

काकांना खोपोलीचं सांगितलं, ते ऐकत नाहीत, पण अध्यक्षांनी मान्य केलं. पासचा फोटो कोणत्या मेलवर पाठवायचा ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

घाटरस्ता
अ‍ॅलिस ट्रेडवेलचं एक वाक्य तरी घाला.

मृण्मयी_त
जागा नाही हो, खरंच. पुढच्या अंकात घाटावर लेख लिहाल का?

नवीन_सदस्य_देहूरोड
मध्येच विचारतो, माफ करा. देहूरोड ते शिवाजीनगर पास काढला तर पुणे स्टेशनपर्यंत चालतो का?

पास_वाले_काका
नाही. पासवर ज्या स्टेशनपर्यंत लिहिलंय तिथपर्यंतच. पुढे जायचं तर पुण्याचाच काढा.