पाळणाघराला पैसे द्यायचे की आईच्या खात्यात टाकायचे?

माशेलकरीण:
कालच्या धाग्यावर एका गृहस्थांनी लिहिलं की सरकारी पाळणाघर म्हणजे पैशांचा चुराडा, त्यापेक्षा तेच पैसे गोवा सरकारच्या गृहआधार योजनेत गृहिणींना दरमहा मिळतात तसे थेट आईच्या खात्यात टाका, ती बघून घेईल. तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं.

गृहआधारचे महिन्याला १५०० मिळतात. तेवढ्यात दिवसभर मूल सांभाळणारं पाळणाघर फोंडा तालुक्यात दाखवा, उद्यापासून माझी मुलगी तिथे. पैसे हातात आले म्हणून कुंडई औद्योगिक वसाहतीच्या शेजारी पाळणाघर उगवत नाही. पहिल्या पाळीच्या बाया घरातून निघतात तेव्हा अंगणवाडीला कुलूप असतं, आणि दुपारी परत लागतं. मधे शेजारची मावशी, नाहीतर मोबाईल.

केंद्राच्या 'पालना' योजनेत कागदावर सगळं आहे: सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, खर्च केंद्र ६० टक्के, राज्य ४०. आता आठ तासांची पाळी आणि वर बसचा प्रवास साडेसात तासांत कसा बसवायचा ते कागद लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तरी मला तेच हवंय, तास वाढवून. पैसा जागेला द्या आणि सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराला द्या.

सरळ हिशेब:
ते गृहस्थ मीच. ताई, माझ्या आईने दोन नातवंडं वाढवली, एक पैसा न घेता. तिचं काम काम नाही? कर सगळ्यांनी भरायचा आणि फायदा फक्त घराबाहेर पडणाऱ्यांना, हा कुठला न्याय? पैसे खात्यात आले तर आजीला द्या, मावशीला द्या, पाळणाघराला द्या. तुमची मर्जी. सरकारला अंगणवाडीचं गळकं छप्पर वेळेत दुरुस्त करता येत नाही, ते तान्ही मुलं सांभाळणार?

बार्देशची सून:
आजी! आली का आजी? माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. दीड वर्षाच्या पोरामागे धावताना पडल्या तर तुमची योजना येणार का उचलायला?
आणि २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात आलेला नियम विसरू नका. ५० किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर सक्तीचं. आमच्याकडे निम्मी माणसं कंत्राटदाराच्या नावावर. मोजायला गेलं की ५० कधी भरतच नाहीत.

पेडण्याचे मास्तर:
चर्चा चांगली आहे, पण या पाळणाघरात मुलांशी कुठल्या भाषेत बोलणार? १९९० साली शशिकलाताई काकोडकर गोव्याच्या शिक्षणमंत्री असताना अनुदान फक्त मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांना, असं ठरलं होतं. २०११ मध्ये अनुदानाचं दार इंग्रजी शाळांनाही उघडलं आणि गावागावांतल्या मराठी शाळा ओस पडल्या. आता तान्ह्या पोरांनाही 'जॉनी जॉनी' शिकवायला सरकारी पैसा?

काणकोणचो:
मास्तर, सहा महिन्यांचं बाळ कुठल्या माध्यमात रडतं?

पेडण्याचे मास्तर:
हसा. तुमची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत ते आधी सांगा.

काणकोणचो:
इंग्रजी. आणि मराठीचा झेंडा घेऊन फिरणाऱ्या किती पुढाऱ्यांची मराठीत आहेत ते तुम्ही सांगा. शाळा ओस पडल्या त्या शिक्षक कमी म्हणून, वर्ग एकत्र कोंबले म्हणून. नुसतं अनुदानाला काय दोष देता?

पेडण्याचे मास्तर:
मी तीस वर्षं खडू झिजवलाय. मला शाळा शिकवू नका.

माशेलकरीण:
माध्यमाचा वेगळा धागा काढा हो! इथे मूल अजून 'दूदू'वर आहे.

दूरदेशी:
भाऊ मॉन्ट्रियलला आहे म्हणून सांगतो. क्युबेकने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरांत पाळणाघर सुरू केलं. बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या, हे खरं. पण जागा पुरेनात, रांगा लागल्या. मग पालकांना करसवलत देऊन खाजगी पाळणाघरं वाढवली, आणि त्यांचा दर्जा कमी निघाला. दोघांनीही आपापल्या सोयीचं घ्या.

सरळ हिशेब:
म्हणजे तिथेही सरकारी रांगच. धन्यवाद.

बार्देशची सून:
आणि पालकांच्या हातात पैसे दिले तिथे दर्जा पडला. ते सोयीस्कर वगळलंत.

अंगणवाडीची लेक:
आईने सत्तरी तालुक्यात अंगणवाडी चालवली. तिला मिळायचं ते मानधन, पगार नव्हे. मुलांना खिचडी, वजनं, लसीकरणाची यादी, निवडणूक आली की मतदारयाद्या, आता मोबाईलवर पोषणाची माहिती भरा. ताप आला तरी सुट्टी मागायला लाज वाटायची. याच बाईला तुम्ही आणखी चार तास तान्ही मुलं सांभाळायला सांगणार, आणि दर्जा हवा म्हणणार. आधी तिला पगार द्या, जोडीला दुसरी बाई द्या. नाहीतर खात्यात टाका किंवा भिंतीला लावा, सारखंच.

सरळ हिशेब:
बरं. पगाराला पैसे द्या, माझी हरकत नाही. पण कंत्राट कुणाच्या मेहुण्याला नको, आणि हिशेब दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लावा. छप्पर गळलं तर मी तिथेच येऊन विचारीन.

माशेलकरीण:
या. येताना छत्री आणा. आणि संध्याकाळी सहापर्यंत थांबायची तयारी ठेवा, माझी पाळी तेव्हा सुटते.

पेडण्याचे मास्तर:
फलक कुठल्या भाषेत?