मागच्या प्लॉटचं आरक्षण: हरकत कशी द्यायची

बी-३०४: आजच्या पेपरातली जाहीर नोटीस वाचली का? मागच्या प्लॉटवरचं बागेचं आरक्षण वगळून रहिवासी वापर करायचा प्रस्ताव आहे.

ए-१०२: अरे देवा. एक अर्ज लिहा, सगळ्यांच्या सह्या घेऊन देऊन टाकू.

सी-५०१: काकू, ते पत्र द्यायचंच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. हा १९६६ च्या नगररचना कायद्यातला कलम ३७ चा फेरबदल आहे, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात केलेला बदल. नोटीस निघाली की हरकती-सूचनांना एक महिना मिळतो, नंतर सुनावणी. लेखी हरकत नसेल तर सुनावणीत आपलं म्हणणं कशाच्या जोरावर मांडणार? प्रत्येक फ्लॅटची हरकत वेगळी जाऊ दे, आपापल्या शब्दांत.

ए-१०२: पण लिहायचं काय? आमचा विरोध आहे, एवढंच ना?

सी-५०१: त्याने भागत नाही. वर सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक, नोटिशीची तारीख. खाली तुमचं कारण. तुम्ही नातवाला खेळायला कुठे नेता, रस्ता कसा ओलांडता, ते लिहा. पावसाळ्यात त्या प्लॉटवर पाणी साचतं, त्याचे फोटो बी विंगवाल्यांनी जोडावेत. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागातून भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला आपल्या भागाचा नकाशा, मी काढून आणतो. जवळची दुसरी बाग किती लांब आहे ते त्यावर दाखवता येईल, आणि माझ्या मते आपला सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे.

डी-२०३: दादा, ठरलेलं असतं हो सगळं. सुनावणी नावालाच.

सी-५०१: ताई, महापालिका फक्त प्रस्ताव पाठवते, मंजुरी राज्य सरकारची लागते. सरकार तो बदलू शकतं, नाकारूही शकतं. तिथे फाइल उघडणाऱ्याला आपली हरकत दिसायला हवी. पुढे कोर्टात जायची वेळ आली तरी हेच कागद लागतील. २०२५ मध्ये तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून नाशिककरांनी लेखी हरकती दिल्या, सुनावणीला गर्दी केली. तो कायदा वेगळा, पण लोक गप्प बसले नाहीत म्हणून विषय राज्यभर गेला.

डी-२०३: बरं, माझीही लिहिते. सुनावणीला रजा टाकीन.

बी-३०४: तिथे सगळ्यांनी तेच तेच बोलू नका. एकाने पाण्याचं, एकाने मुलांचं. आणि इतिवृत्ताची प्रत मागायची.

ए-१०२: मी आजच लिहायला बसते. सोबत काय आणू?

सी-५०१: दोन प्रती आणि लाइट बिलाची झेरॉक्स. एक प्रत आवकला, म्हणजे अर्ज घेतात त्या खिडकीवर, द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.