मदत हवी आहे: सरपंच थेट, मग पंतप्रधान का नाही?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी पोरांना राज्यशास्त्र शिकवतो. काल एक पोरगी कापूस वेचून थेट वर्गात आली, ओढणीला कापूस चिकटलेला, अन् म्हणाली, "सर, सरपंच आपण निवडतो, मग पंतप्रधान का नाही?"

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची ४ वर्षं ठरलेली, आपल्याकडे १९९९ ला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, हे सांगितलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं, कारण सरकारला रोज जाब विचारता येतो. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

पण सरपंच एका गटाचा, बहुमत दुसऱ्या गटाचं, अन् नळाचा ठराव अडलेला, हे तिनं घरीच पाहिलंय. अध्यक्षीय पद्धतीतली (म्हणजे अमेरिकेसारखं राष्ट्राध्यक्ष वेगळा अन् संसद वेगळी निवडतात तिथली) अडचण समजवायला हे उदाहरण चालेल का? शनिवारी पुन्हा वर्ग आहे, जाणकारांनी कृपया सांगावं.