शब्दचर्चा : निळे-हिरवे शेवाळ, नीलहरित शैवाल की सायनोजीवाणू?

विचारणा
भातशेतीवरच्या एका पुस्तिकेचं मुद्रितशोधन करते आहे. एका पानावर 'निळे-हिरवे शेवाळ', दुसऱ्यावर 'नीलहरित शैवाल' आणि तिसऱ्यावर 'सायनोजीवाणू' असं छापलंय. तिन्ही एकच ना? आणि विहिरीच्या पायऱ्यांवर जे धरतं, ते शेवाळ हेच का?

प्रतिसाद
तिन्ही एकच, सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू. पायऱ्यांवरचं मात्र हेच असेल असं नाही. संस्कृत 'शैवाल'वरून आलेलं आपलं 'शेवाळ' कुठल्याही एका कुळाचं नाव नाही. ओलीला धरतं, हिरवं दिसतं, पाय घसरवतं, ते सगळं शेवाळ. पावसाळ्यात भिंतीवर येणारी हिरवी मखमल बहुधा हरिता (मॉस) असते, म्हणजे चक्क वनस्पती. साचलेल्या पाण्यातले हिरवे लांब धागे बऱ्याचदा स्पायरोगायरासारखं खरं शैवाल. आणि जुन्या भिंतींवर, देवळांच्या दगडावर पाणी ओघळतं तिथे जे काळे पट्टे उमटतात, त्यांत सायनोबॅक्टेरिया भरपूर. गंमत अशी की त्या काळ्या डागांना शेवाळ कुणीच म्हणत नाही! 'शेवाळलेली पायरी', 'शेवाळी साडी' हे प्रयोग हिरव्याचेच.

प्रतिसाद
वरचं पटलं, पण पुस्तिका शेतकऱ्यांसाठी आहे, तेव्हा 'जीवाणू' शब्द का महत्त्वाचा ते सांगतो.

यांच्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणून हे जीवाणू. पण हरितद्रव्य असतं आणि प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजनही सोडतात, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना बराच काळ आपल्याकडे ठेवून घेतलं. टी. व्ही. देशिकाचारी यांचा १९५९चा ग्रंथ आजही चाळला जातो, त्याचं नाव 'सायनोफायटा', त्यातला 'फायटा' म्हणजे वनस्पती. १९७०च्या दशकात रॉजर स्टॅनियर आणि इतरांनी आग्रह धरला, तेव्हा 'सायनोबॅक्टेरिया' नाव रुळलं.

आता खाचरातली गोष्ट. हवेतलं नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणणं ही जीवाणूंची विद्या आहे, खऱ्या शैवालाला ती स्वतःहून येत नाही. (२०२४मध्ये एका सागरी शैवालाच्या पेशीत नत्र स्थिर करणारा अवयव सापडल्याचं जाहीर झालं. तोही मुळात आत राहायला आलेला सायनोबॅक्टेरियाच निघाला.) खत न घालताही भाताच्या जमिनीत नत्र टिकतं, यामागे हे जीव आहेत असं पी. के. डे यांनी १९३९मध्ये दाखवून दिलं. अडचण अशी की नत्र स्थिर करणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं आणि हे तर स्वतःच ऑक्सिजन बनवतात. म्हणून नॉस्टॉक, ॲनाबिना या सायनोबॅक्टेरियांच्या पेशींच्या माळेत मधूनमधून जाड भिंतीची एक वेगळी पेशी असते. ती ऑक्सिजन बनवत नाही, फक्त नत्राचं काम करते आणि शेजारणींकडून साखर घेते. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याच्या पानातल्या पोकळीतही असाच एक जीव राहतो, म्हणून अझोला हिरवळीचं खत म्हणून चालतो. युरियाचा मारा झाला की हे काम थंडावतं आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी असेल तर वाढच खुंटते. पुस्तिकेत एवढं तरी असू द्या.

प्रतिसाद
'नील'वर माझा आक्षेप. ट्रायकोडेस्मियम हा समुद्री सायनोबॅक्टेरिया उन्हाळ्याच्या सुमारास गोव्याच्या किनाऱ्यापलीकडे तांबूस-तपकिरी पट्ट्यांनी तरंगतो, लाकडाच्या भुशासारखा. नावात निळं, दिसायला विटकरी. उलट प्रोक्लोरोकॉकस इतका सूक्ष्म की १९८०च्या दशकापर्यंत कुणाच्या लक्षातच आला नाही, आणि संख्येने पाहिलं तर पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्यांत तोच पहिला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला तो याच घराण्यामुळे. झाडांच्या पेशीतलं हरितलवकसुद्धा याच कुळातलं. अशा घराण्याला 'शेवाळ' म्हणणं जिवावर येतं.

प्रतिसाद
मग मसाल्यातलं दगडफूल? आणि लोणार गुलाबी झालं होतं ते?

प्रतिसाद
दगडफूल ही बुरशी आणि शैवालाची जोडी, त्यातला हिरवा भिडू साधारणपणे खरं शैवालच. काही दगडफुलांच्या जातभाईंत नॉस्टॉक असतो, पण डब्यातल्यात नव्हे. लोणारचं पाणी एरवी हिरवं दिसतं ते मुख्यतः स्पिरुलिना गटामुळे, म्हणजे सायनोबॅक्टेरियाच. जून २०२०मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा शेवाळाकडे बोट दाखवलं गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासल्यावर निघाले क्षारप्रेमी आर्किया, म्हणजे सूक्ष्मजीवांचा एक वेगळाच गट, जे ना शेवाळ ना जीवाणू.

प्रतिसाद
बातम्यांत 'तलावात विषारी शेवाळ' असतं, तिथे जास्त जपावं. मायक्रोसिस्टिस हा सायनोबॅक्टेरिया यकृताला घातक विष बनवतो आणि सांडपाण्यातल्या स्फुरदावर माजतो. २०१४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळून हे विष जात नाही. आणि 'शेवाळच आहे' म्हणून कुणी मोरचूद टाकलं, तर पेशी फुटून आतलं विष पाण्यात मोकळं होतं.

विचारणारी
आभारी आहे. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेलं 'निळे-हिरवे शेवाळ' सगळीकडे ठेवते, पहिल्या उल्लेखाला 'हे खरं तर सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू' एवढं जोडते. युरिया आणि स्फुरदाची ओळही घालते. 'सायनोजीवाणू' काढला, अर्धं ग्रीक अर्धं संस्कृत वाचताना दाताखाली खडा येतो.

प्रतिसाद
'नीलजीवाणू' चाललं असतं की!

विचारणारी
नीळ घालायच्या कपड्यांवरचे जंतू वाटले.