एबेनिस्त म्हणजे सुतारच का?

धागाकर्ती
एका दिवाळी अंकासाठी फ्रेंच फर्निचरवर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच पानावर अडले आहे. लाकूडकाम करणाऱ्याला फ्रेंचमध्ये कामाप्रमाणे वेगळं नाव आहे. छपराचे वासे, तुळया उभ्या करणारा शार्पांतिये. खुर्च्या, पलंग, दारं भरीव लाकडातून घडवणारा मनुइझिये. आणि कपाटाच्या किंवा मेजाच्या सांगाड्यावर भारी लाकडाचे पातळ पापुद्रे चढवून नक्षी उमटवणारा एबेनिस्त. तिघांनाही 'सुतार' म्हटलं तर लेखाचा कणाच मोडतो, कारण आज फ्रान्समध्ये नव्याने धुगधुगी आली आहे ती मुख्यतः तिसऱ्याच्या कामात, आणि त्याच्या जोडीने काडाच्या, लाखेच्या, माशाच्या कातडीच्या कामात.

'काष्ठकलावंत' सुचवला गेला. तो मला बोलताना तोंडात येत नाही.

शिवाय 'मेतिये दार' हा त्यांचा शब्द. 'हस्तकला' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाळेचा तास आणि प्रदर्शनातला स्टॉल येतो. हे काम शिकायला माणसाची उमेदीची वर्षं जातात. याला काय म्हणावं?

रंधापटाशी
ताई, माझे वडील सुतार होते, म्हणून लिहितो. आमच्याकडेही सगळे नुसते सुतार नव्हते. सेंटरिंगचा मिस्त्री वेगळा, फर्निचरचा मिस्त्री वेगळा, पॉलिशवाला तर स्वतंत्र माणूस. शब्द आहेत, कोशात गेले नाहीत इतकंच.

वडील शिसवी पापुद्रा चढवायचे ते गरम सरसाने. चिकटवून झालं की नखाने टकटक करत अख्खा पृष्ठभाग ऐकायचे. एखाद्या जागी आवाज पोकळ आला की म्हणायचे, "इथं फुगा धरलाय." तिथे रेषेच्या दिशेने पात्याने बारीक चीर द्यायची, सरस आत सारायचा, वरून गरम इस्त्री. चीर नंतर शोधूनही सापडत नसे. तुमच्या एबेनिस्तचा पिढ्यान् पिढ्यांचा गोंदही हाच, जनावराच्या हाडाकातड्याचा सरस. ऊब आणि ओल लागली की तो सुटतो, म्हणून अडीचशे वर्षांपूर्वीचं कपाट आजही उकलून दुरुस्त करता येतं. आजच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं असं सहज सुटत नाही.

'मेतिये'साठी माझं मत 'कसब'. "हाताला कसब आहे" असं आम्ही म्हणतो, त्यात शिकणं आलं, सराव आला, पोट भरणंही आलं. आणि ते करणारा कसबी.

धागाकर्ती
'कसब' एकदम पटला, काका. उचलते. तिथे 1994 पासून 'मेत्र दार' म्हणून एक सरकारी बहुमान आहे, जपानच्या 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' या कल्पनेवरून घेतलेला. तो घेणाऱ्याने आपलं काम शागिर्दाला शिकवायचं ही त्यातली मुख्य अट. 'उस्ताद' आणि 'शागीर्द' ही जोडी तिथे नेमकी बसेल.

शब्दांच्या मुळांबद्दलही लिहायचं राहिलं होतं. मनुइझियेच्या मुळाशी 'लहान, बारीक' अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. शार्पांतियेच्या धिप्पाड कामाच्या मानाने बारीक काम करणारा, म्हणून तो. एबेनिस्त आला 'एबेन'वरून, म्हणजे काळं कुळकुळीत एबनी लाकूड. 17व्या शतकात ते पॅरिसला पोचलं तेव्हा इतकं महाग होतं की भरीव वापरणं परवडेना. मग त्याचे पापुद्रे काढून साध्या लाकडावर चढवायला लागले आणि त्या कौशल्यालाच लाकडाचं नाव चिकटलं. आपल्या टेंभुर्णीचा काळा गाभा एबनीच्याच कुळातला.

जुना दस्तलेखक
थोडं विषयाबाहेरचं वाटेल, पण नाही. फ्रेंचमध्ये फर्निचरला 'मब्ल' म्हणतात आणि इमारतीला 'इमब्ल'. पहिल्याचा मूळ अर्थ हलवता येणारं, दुसऱ्याचा न हलणारं. म्हणजे शब्दशः जंगम आणि स्थावर! आयुष्यभर "स्थावर व जंगम मालमत्ता" लिहीत आलो, पण जंगमात खुर्ची इतकी ठळक बसली असेल असं कधी मनात आलं नाही. राजाचा दरबार एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात हलायचा आणि सामान त्याच्यामागून गाड्यांवर जायचं, त्या काळचा हा शब्द.

धागाकर्ती
विषयाबाहेरचं मुळीच नाही, लेखाचा अर्धा भाग तिथेच आहे. 14व्या लुईच्या काळात 1663 साली त्याचा मंत्री कोल्बेर याने राजाच्या या जंगम सामानाचं खातं नव्याने बांधलं. त्याचाच आजचा वारस म्हणजे पॅरिसमधली 'मोबिलिये नास्योनाल' ही संस्था. राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे महालात, मंत्रालयांत, वकिलातींत सामान इथून जातं आणि दुरुस्तीला इथेच परत येतं. 1964 मध्ये आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना तिथे नव्या फर्निचरच्या संशोधनाची कार्यशाळा उघडली. नवा डिझायनर आणि मुरलेला कसबी तिथे एका बाकावर येतात. नवं आणि जुनं एकमेकांच्या विरोधात उभं करून लिहिणारे लेख मी बरेच वाचले. मला ते चुकीचे वाटतात.

आता पुढचा खडा. 'मार्कत्री द पाय', म्हणजे 'स्ट्रॉ मार्केट्री' ('पाय'चा उच्चार आपल्या पायासारखाच). 'पेंढ्याचं जडावकाम' लिहू का?

बांधावरून
ताई, पेंढा नको! पेंढा भाताचा, तो मऊ आणि चेंबलेला. विदर्भात त्यालाच तणस म्हणतात. ज्वारीचा तो कडबा. मळणीत चुरा होतो तो भुसा. गव्हाचं ताठ, पोकळ, चकाकणारं दांडकं म्हणजे काड. ते फ्रेंच लोक कुठलं पीक वापरतात त्यावर शब्द ठरेल.

धागाकर्ती
राय! गव्हाच्या जवळचं धान्य, पण दांडा लांब. म्हणजे काडच.

हे काम मी एका चित्रफितीत पुन्हा पुन्हा पाहिलं. रंगाच्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेली एक काडी घ्यायची, नखाने किंवा पात्याने उभी चिरायची, मग हाडाच्या गुळगुळीत पट्टीने आतून दाबत उलगडायची. हातात काही मिलिमीटर रुंदीची फीत उरते. अशा फिती एकीला एक भिडवून चिकटवायच्या, मध्ये फट दिसता कामा नये. एका दाराला किती काड्या लागत असतील याचा हिशेब करायचा मला धीर झाला नाही. वर पॉलिश लागत नाही, काडातल्या सिलिकाची चमक पुरते. उजेडाची दिशा बदलली की उभ्या फिती गडद आणि आडव्या फिकट दिसतात, आणि पुढे चालत गेलं की उलट होतं.

17व्या शतकापासूनचं हे काम. 1920-30 च्या दशकांत सजावटकार जाँ-मिशेल फ्रांक यांनी अख्ख्या भिंती काडाने मढवल्या. मग ते जवळजवळ विस्मरणात गेलं. परत आणण्यात मोठा वाटा लिझों द कोन यांचा. त्या काळचे सजावटकार आंद्रे ग्रूल्त यांची ही नात.

रंधापटाशी
'काड' ठीक, पण 'जडावकाम' खटकतं. जडवायचं म्हणजे आधी घर कोरायचं आणि त्यात खडा बसवायचा. इथे कुठे कोरलंय? सगळं वरून चिकटवलेलं.

धागाकर्ती
खरंय. 14व्या लुईचे एबेनिस्त आंद्रे-शार्ल बूल (1642–1732) पितळ आणि कासवाच्या पाठीचे पत्रे एकावर एक ठेवून एकाच वेळी करवतीने कापायचे. मग एकाचा तुकडा दुसऱ्याच्या जागेत. एका कापणीत दोन जोड निघायचे, एकात कासव जमीन आणि पितळ नक्षी, दुसऱ्यात उलट. हे जडवणं नव्हे, जुळवणं आहे. 'जुळणीकाम' म्हणू? 'काडाचं जुळणीकाम' वाचायला साधं आहे. 1886 पासून चालू असलेल्या एकोल बूल या पॅरिसच्या शाळेला नाव याच बूलचं.

मालवणी
माशाच्या कातडीबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी. तो 'गालुशा' म्हणजे आपल्या पाकटाच्या जातीच्या माशाची कातडी ना? पाकट सोलणाऱ्याला विचारा, पाठ कानसासारखी खरखरीत असते. दाणे घासून सपाट केल्यावर ते टिपके दिसतात.

धागाकर्ती
तीच! नाव पडलं 15व्या लुईच्या काळातल्या गालुशा नावाच्या म्यानं-पेट्या मढवणाऱ्या कारागिरावरून. 'पाकटाची कातडी' असंच लिहिणार, कोकणात लगेच कळेल.

इंदूरवाली
लेखात आमच्या इंदूरचा माणिकबाग महाल हवाच. तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव होळकर यांनी 1930 च्या सुमारास एकार्ट मुथेझियुस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून तो बांधून घेतला आणि पॅरिसच्या र्‍युलमान, आयलीन ग्रे या फर्निचर डिझायनरांकडून सामान मागवलं. 1980 मध्ये त्यातलं बरंच मोनाकोच्या लिलावात विकलं गेलं. आज ज्याला 'कलेक्टिबल' म्हणतात ते मराठी घराण्याच्या दिवाणखान्यात रोजच्या वापरात होतं. मग त्याला 'संग्राह्य' म्हणायचं का?

धागाकर्ती
याच शब्दाने माझी झोप उडवली आहे. 'संग्राह्य' ठीक आहे, पण त्यात वस्तू कपाटात बंद झाल्याचा भास होतो. आयलीन ग्रेची ड्रॅगनची खुर्ची 2009 मध्ये पॅरिसच्या लिलावात 2 कोटी 19 लाख युरोंना गेली. त्यावर आता कोण बसणार? पण आजच्या नव्या कामात बहुधा आठ नग आणि चार कलाकाराच्या प्रती असा आकडा ठरलेला असतो, आणि ते विकत घेणारे त्यावर जेवतात, बसतात. मी 'मोजक्या नगांचं फर्निचर' लिहून पाहिलं. 'नग' दुकानदाराचाही शब्द आणि सोनाराचाही, दोन्ही छटा इथे हव्याच आहेत.

शेवटचं एकच. 18व्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसच्या उस्तादाला आपलं नाव लोखंडी साच्याने लाकडावर ठोकावं लागे, आणि कारागिरांच्या संघाचे पंच तपासून शेजारी आपली तीन अक्षरं उमटवत. राज्यक्रांतीत, 1791 मध्ये, ते संघ गेले. एक उस्ताद फक्त 'बी.व्ही.आर.बी.' एवढंच ठोकायचा, आणि तो कोण हे 20व्या शतकाच्या मध्यापर्यंत कळलं नव्हतं. याला 'शिक्का' की 'ठसा'?

रंधापटाशी
शिक्का कागदावर, शाईचा. लाकडात घुसतो तो ठसा. वडील पाटाच्या खालच्या बाजूला पटाशीने एक छोटी खूण करायचे, दिसणार नाही अशी. तिला ते ठसाच म्हणायचे.

धागाकर्ती
ठसा. आणि एबेनिस्त आता 'एबेनिस्त'च ठेवते, पहिल्या वेळी शेजारी 'पापुद्र्याचं काम करणारा मिस्त्री' असं लिहून.