पावसाळ्यात उभा ट्रक: रोज पाच मिनिटं चालू करणं पुरेसं नाही

काही जण सुचवतात की उसाचा हंगाम संपल्यावर ट्रक उभा असेल तर रोज पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करावं. माझं मत उलट आहे. एवढ्याशात इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमधली ओल जात नाही, आणि सेल्फने (स्टार्टरने) बॅटरीतून खाल्लेला करंटही भरून निघत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा गाडी काढा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.

आमची गाडी एका वर्षी मे ते ऑक्टोबर जागची हलली नाही. बाहेर काढायला गेलो तर मागचं एक चाक फिरेना, ब्रेकचे लायनर गंजून चाकाच्या ब्रेक-ड्रमला धरले होते. कुणी म्हणेल हँडब्रेक सोडून ठेवायचा. पण स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक असेल तर ब्रेकच्या टाकीतली हवा उतरली की स्प्रिंग आपोआप ब्रेक आवळते! म्हणून अधूनमधून हलवणं आलंच.

डिझेलची टाकी मात्र काठोकाठ भरून ठेवा. अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी होतं, ते तळाशी बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून बुळबुळीत गाळ होतो. तोच पुढे फिल्टर चोंदवतो. गाडी परत रस्त्यावर काढताना वॉटर सेपरेटरमधलं (डिझेलमधून पाणी वेगळं करणारा भाग) पाणी आधी काढा. गाडी उभी करताना बॅटरी फुल चार्ज करून निगेटिव्हची वायर सोडवा, फिरवायच्या दिवशी तेवढी जोडा.

इंजिन ऑइल गाडी उभी करण्यापूर्वी बदला, नंतर नव्हे. उंदरांवर उपाय कुणाला सापडला असेल तर सांगा, आमचं वायरिंग दोनदा खाल्लंय.