अनुभव धागा: मालिकेतला बीन, सिनेमातला बीन

रोवन अ‍ॅटकिन्सनचा मिस्टर बीन ब्रिटनमध्ये १९९०च्या १ जानेवारीला टीव्हीवर आला. भाग झाले जेमतेम १५. मग १९९७चा 'बीन' आणि २००७चा 'मिस्टर बीन्स हॉलिडे' हे सिनेमे आले. मालिका आधी पाहिलेल्यांना सिनेमा कसा वाटला? कथानक नको, अनुभव लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. 'ते येडं लागलंय का गं?' म्हणत ती टीव्हीसमोर येऊन बसायची. दंतवैद्याकडे उशीर झाला म्हणून बीन चालत्या मिनी गाडीतच कपडे चढवतो, दात घासतो. आजी पदर तोंडाला लावून हसत होती. 'बीन'ची सीडी आणली आणि पंचाईत झाली. बीन ज्याच्या घरी उतरतो तो लॉस एंजेलिसचा डेव्हिड किती बोलतो! बायको का चिडली, नोकरी का धोक्यात... आजीचं 'काय म्हणतोय?' सुरू. मी समजावून सांगेपर्यंत पुढचा प्रसंग आलेला. टर्की पक्ष्यात डोकं अडकल्यावर ती हसली, पण ते मालिकेतल्या नाताळच्या भागातलंच, परत वाढलेलं.

*

ताई, थोडं असहमत. मी शाळेत चित्रकला शिकवतो. 'बीन' सिनेमात व्हिस्लर या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या आईच्या चित्रावर बीन शिंकतो, शाईच्या रुमालाने पुसतो, मग थिनर लावतो आणि चेहराच जातो. तिथे माझ्या पोटात खड्डा पडला होता, हसू नंतर आलं. अर्ध्या तासाच्या भागात ही धास्ती इतकी चढली नसती. (खरं चित्र सुखरूप आहे. फ्रान्स सरकारने ते १८९१मध्येच घेतलं, आता पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात असतं.) आणि बोलण्याचं म्हणाल तर शेवटचं भाषण आठवा. चित्र मोठं आहे हे बरं, लहान असतं तर कुणाला दिसलंच नसतं! हे फक्त बीनच बोलू शकतो.

*

मी मालवणचा. 'हॉलिडे'मध्ये पॅरिसच्या हाटेलात बीनपुढे कालवं येतात, ती तो गुपचूप शेजारणीच्या पर्समध्ये ओततो. आमच्या घरात यावर हसण्याआधी हळहळ झाली. बाबा म्हणाले, 'अरे मेल्या, इकडे दे!'

*

इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहितेय. ऑफिसातले एक वयस्कर इंग्रज गृहस्थ म्हणतात, आमच्याकडे मालिकेचा सिनेमा करायचा म्हणजे पात्रांना परदेशी सहलीला धाडायचं. 'आर यू बीइंग सर्व्हड?' या मालिकेतल्या दुकानातली मंडळी १९७७च्या सिनेमात स्पेनला गेली, 'इनबिटवीनर्स' मालिकेतली पोरं २०११च्या सिनेमात ग्रीसच्या क्रीट बेटावर. बीनही आधी अमेरिकेला, मग फ्रान्समधल्या कान शहराला. मला हे पटलं. बीनची खरी गंमत रांगेत, लायब्ररीत, चर्चमध्ये होती. जिथे सगळे शहाण्यासारखे वागतात आणि याला ते जमत नाही. लॉस एंजेलिसमध्ये आधीच सगळे थोडे वेडे, त्यात हा खपून जातो. मालिकेत तो त्या निळ्या तीनचाकी मोटारीला ज्या दुष्टपणाने उलटवायचा, तो दुष्टपणाही सिनेमात पातळ झाला. शेवटी सगळ्यांचं भलं करणारा बीन मला नको होता.

*

माझ्या मुलाने आधी कार्टून पाहिलं, मग 'हॉलिडे', मालिका सगळ्यात शेवटी. बापापासून चुकलेल्या त्या पोराला घेऊन बीन फ्रान्सभर भटकतो, तो भाग त्याला पाठ आहे. मालिका लावली तर म्हणाला, 'बाबा, यात हा इतका खडूस का?' लेस्टरच्या ताईंना जे हवंय तेच त्याला नको. आता घरात दोन पक्ष पडलेत आणि रिमोट त्याच्याकडे आहे.